दाबून धरलेला क्लच

दरवर्षी दिवाळी उलटली आणि राळेगावच्या रस्त्यावर सांडलेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकलेला दिसू लागला, की माझा पारा चढतो. आजूबाजूच्या माणसांना या दिवसांत बरं वाटतं. सकाळी गारवा असतो, तुरीला पिवळी फुलं येतात, शेतात सीतादही होते, म्हणजे पहिल्या वेचणीआधी बाया कपाशीच्या झाडापाशी दहीभात ठेवून पूजा करतात. मी निवृत्त शिक्षिका, गुडघे सोडले तर तक्रार कसलीच नाही, तेव्हा मलाही बरं वाटायला हरकत नाही. पण अशात एखादी गाडी दारासमोर इंजिन चालू ठेवून उभी राहते, आणि मी हातातली मेथी खाली टाकून फाटकापर्यंत जाते. "बाबा रे, एक तर जा, नाही तर बंद कर." गल्लीतले लोक मला तऱ्हेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे.

हा राग वीस वर्षं जुना आहे आणि मी तो मुद्दाम थंड होऊ दिलेला नाही. त्या वर्षी वेचणीचा हंगाम आला तो पथकांना सोबत घेऊनच. कपाशीत अळी होती, भाव पडलेले होते, आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत गाजत होतं, आणि ज्याच्या ज्याच्या तोंडी ते नाव होतं त्याला जिल्हा एकदा डोळ्यांनी बघून यायची घाई झाली होती. कुणी अभ्यासाला यायचं, कुणी पाहणीला, कुणी नुसताच आढावा घ्यायला. अळी एकाच जातीची होती, पथकं मात्र नाना जातींची. नागपूरहून सकाळी निघायचं, कळंबला चिंतामणीचं दर्शन उरकायचं, चार गावं करायची आणि जेवायला विश्रामगृहावर पोचायचं. "गावं करणं" हा शब्दप्रयोग मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मी इतकी वर्षं एका गावात राहत होते, पण ते गाव काही माझ्याकडून करून झालं नव्हतं.

या पथकांना फिरवायला सरकारी गाड्या पुरायच्या नाहीत, म्हणून कचेरीनं काही खासगी गाड्या भाड्यानं लावल्या होत्या. त्यातली एक पांढरी अँबॅसेडर माझ्या थोरल्या भावाची. सुधाकरदादा तिचा मालकही आणि ड्रायव्हरही. गाडी तेव्हाच म्हातारी झाली होती. आज अशा गाडीला लोक क्लासिक म्हणतात, लग्नात फुलं लावून नवरदेव मिरवतात, तेव्हा नुसतं डबडं म्हणायचे. दादा मात्र रोज सकाळी तिला ओल्या फडक्यानं पुसायचा, बॉनेटला हात लावून नमस्कार करायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. त्याचा एक नेम होता. गियर बदलला, की डावा पाय क्लचवरून उचलून खाली सपाट टेकवायचा. पेडलवर पाय नुसता ठेवलेलासुद्धा त्याला खपायचा नाही. माझ्या नवऱ्याला गाडी शिकवताना तो दर फर्लांगाला ओरडायचा, "जवाईबापू, पाय! उंबऱ्यावर बसू नये अन् क्लचवर पाय ठेवू नये!" नवरा शेवटी गाडी न शिकताच सुटला.

मी तेव्हा राळेगावच्या आत, नाल्यापलीकडच्या एका लहान गावातल्या शाळेत होते. गावाचं नाव लिहीत नाही. जिथं यायला हवं होतं तिथं ते आलं नाही, आता इथं येऊन काय करणार.

पथक आमच्या गावी येणार असा निरोप तहसिलीतून आला, आणि त्यांना आणणारी गाडी दादाचीच आहे हे कळल्यावर तर मी हवेतच होते. ही बातमी मी पहिल्यांदा पार्बताबाईला सांगितली. पार्बताबाई म्हणजे गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची पुढारी. पन्नाशीची, काटकुळी, पण आवाज असा, की शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर त्या धुऱ्यावरची बाई दचकावी. ती म्हणाली, "पथक येते तं बाप्याइलेच विचारते. वेचतो आम्ही, अन् बोलते बाप्ये. या खेपेले आम्ही बोलू. तुम्ही फक्त आमचं हिंदी करून सांगजा."

त्या दिवशी तीस बायांनी वेचणी पाडली, दिवसाची मजुरी सोडली. हंगामाच्या ऐन भरात एक दिवस पाडणं म्हणजे काय, हे वेचणाऱ्या बाईलाच ठाऊक. शाळेचं अंगण त्यांनी स्वतः झाडून सडा टाकला. प्रत्येकीनं पदरात कवडी बांधून आणली होती. अळीनं खाल्लेलं बोंड नीट उमलत नाही, आतला कापूस पिवळा आणि कडक राहतो, त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. ती ओढून काढताना बोटांची टोकं फाटतात. साहेबांच्या हातात ती द्यायची आणि म्हणायचं, घ्या, तुम्हीच काढून पाहा. इतकं साधं त्यांचं ठरलेलं होतं. नऊ वाजल्यापासून त्या बसल्या. पोरांना मी लिंबाखाली पाढे म्हणायला बसवलं. चहा तीनदा उकळून तीनदा काळा झाला. दुपारी सावली सरकली तशा बायाही सरकल्या. एकीनं विचारलं, "बाई, येतीन न ते?" मी ठणकावून सांगितलं, "माह्या भावाची गाडी हाये. येईनच."

दिवस कलताना नाल्याकडून आवाज आला. सगळ्या उठल्या, पदर सारखे केले. गाडी आली ती गचके खात, एखादं अडेल वासरू ओढून आणावं तशी. आत दादा एकटाच होता. तो उतरला, माझ्याकडे न बघता बायांकडे बघून म्हणाला, "ते येत नाई आता. माह्या गाडीचा क्लच गेला नाल्यापाशी. ते मांगच्या गाडीत बसून वापस गेले. तुम्ही वाट पाहून राह्यल्या असान म्हणून सांगाले आलो."

मी काय बोलले ते आजही शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तीस बायांसमोर मी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या भावाला म्हणाले, "गाडी सांभाळता येत नाई तं लावतं कायले? एक दिवस धड चालवाची होती, एकच दिवस! तेवढंही नाई झालं तुह्याच्यानं?"

दादा फडकं घेऊन बॉनेटवरची धूळ पुसू लागला. पार्बताबाई मात्र बोलली. "बाई, घरचा मानूस हाये म्हणून भरोसा ठेवला आम्ही," एवढंच म्हणाली आणि पदराची गाठ सोडून कवडी अंगणात टाकली. मग एकेकीनं टाकली. दुसऱ्या दिवशी ती झाडून काढताना माझ्या मनात राग होता तो फक्त दादावर.

नाल्यापाशी खरं काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. क्लच गेला म्हणजे पेडल खाली जातं, पण गियर पडत नाही. इंजिन चालू असताना गाडी गियरमध्ये घालताच येत नाही. पण मुरलेला ड्रायव्हर असेल तर अशीही गाडी नेता येते. इंजिन बंद करायचं, पहिला गियर टाकायचा आणि गियरमध्येच सेल्फ मारायचा. गाडी उडी मारून सुटते, मग तशीच रांगवत न्यायची. दादानं हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, दोनच किलोमीटर हाये. गचके बसतीन थोडे, पन पोचवतो." साहेबांना गचके नको होते. बरं, दोन किलोमीटर माणूस पायी जातो. माझ्या शाळेतली सात वर्षांची पोरं तोच नाला ओलांडून रोज येत होती आणि त्यांच्या येण्याची पाहणी करायला कुठलंही पथक लागत नव्हतं. साहेब मागच्या गाडीत बसले आणि गाडी वळली. पुढं गावात कुणी सकाळपासून बसलं असेल, निदान निरोप तरी द्यावा, हे त्या भरल्या गाडीतल्या एकाच्याही मनात आलं नाही. निरोप द्यायला आला तो बिनक्लचची गाडी रांगवत दादा. आणि बोलणी बसली ती त्यालाच, माझ्याकडून.

आठवड्याभरानं कचेरीचं पत्र आलं. दादानं ते अंधार पडल्यावर माझ्या घरी आणून टेबलावर ठेवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाहन नादुरुस्त होऊन एका गावास भेट देता आली नाही. उर्वरित बारा गावांची सखोल पाहणी करण्यात आली. सबब, आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सादर करावा." दादाचं बोट "निष्काळजीपणा"वर होतं.

"हे खोडता येते का पाह्य, शोभा," तो म्हणाला. "काम जाईन तं जाऊ दे. पन हे नाव घेऊन मी कुठं गाडी उभी करू?"

तोवर गावात वेगळीच आवई उठली होती. सुधाकरनं गाडी मुद्दाम बंद पाडली, त्याला वरून तसं सांगितलं होतं, असं लोक उघड बोलत होते. दादा आमच्या गावाकडे फिरकेनासा झाला. दिवसा मला भेटायचं तर तो फाट्यावर थांबायचा आणि कुणा सायकलवाल्याबरोबर निरोप धाडायचा. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या कोंबडीलाही चाक लागू दिलं नाही, तो फाट्यावर चोरासारखा उभा. आणि सखोल पाहणीवाले आपापल्या घरी सखोल झोपलेले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तडक कळंब गाठलं. गाडी तिथं जब्बारभाईंच्या गॅरेजात होती. जब्बारभाईंच्या तीन पिढ्या जुन्या गाड्या उघडण्यात गेलेल्या. ते भाचीच्या लग्नाहून नुकतेच परतले होते, हाताची मेंदीही उतरली नव्हती, आणि गाडीला अजून हात लागला नव्हता. मी सांगितलं, मला नुसती गाडी दुरुस्त नको, बिघाड कशानं झाला ते नक्की कळायला हवं, कारण मला ते कागदावर लिहायचं आहे.

"मंग बसा मॅडम शिटावर," जब्बारभाई म्हणाले. "पाय तुमचा, कान माहा. मी म्हणीन तवा दाबा, म्हणीन तवा सोडा. अन् तुम्हीबी आइका. कागदावर तुम्हीच लिहिनार हा."

दादानं गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चालू करून दिली. जब्बारभाईंनी लांब पेचकसाचं टोक गाडीखालून गियरबॉक्सच्या तोंडाशी टेकवलं आणि लाकडी मुठीला कान लावला. माझा पाय पेडलला न लावता खाली टेकलेला होता तोवर इंजिनाची नेहमीची घरघर. "दाबा. हळू... अजून..." पेडल थोडंसं खाली गेलं आणि आवाज आला, कोरड्या पाटीवर दगडी पेन्सिल ओढावी तसा. माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. आणखी दाबलं तर लोखंडावर लोखंड घासू लागलं. "सोडा." आवाज गेला. असं त्यांनी माझ्याकडून दहा वेळा तरी करून घेतलं.

मग ते बाहेर आले आणि शाळेतल्या मास्तरसारखं मलाच समजावू लागले. "पाय उचललेला असतांनी आवाज येते अन् दाबला का जाते, तं रोग गियरबॉक्सच्या बेअरिंगचा. दाबला का येते अन् सोडला का जाते, तं क्लचच्या बेअरिंगचा. लोक उगाच अर्धी गाडी खोलतात. आवाज कवा येते ते पाहत नाई, नुसता कसा येते ते पाहतात."

हे मी पुढं आयुष्यभर लक्षात ठेवलं, आणि गाडीखेरीज इतर ठिकाणीही वापरलं. पाहणीचा आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, एवढं बघितलं की पुरतं.

दुपारपर्यंत गियरबॉक्स उतरला. या जुन्या गाड्यांच्या क्लचमध्ये गोळ्यांचं बेअरिंग नसतं, काळ्या कार्बनची एक जाड कडी असते. पेडल दाबलं की ती पुढं सरकून फिरत्या चकतीवर टेकते आणि क्लच सुटतो. पाय उचलला की ती मागं येते. म्हणजे पेडल दाबलेलं असेल तेवढाच वेळ ती घासली जाते. जब्बारभाईंनी ती काढून वर्तमानपत्रावर ठेवली. कार्बन संपलाच होता. नुसतं लोखंडी कडं उरलं होतं आणि तेही तापून निळं पडलेलं.

जब्बारभाईंनी मान वर करून दादाकडे पाहिलं. "ही मीच बसवली होती रे, पोळ्याच्या आंधी. नवीकोरी. चार-पाच वर्षं पाहाचं काम नोहतं. पाय ठेवून चालवली का बे?"

दादाचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. कचेरीचं पत्र त्यानं सोसलं, माझी बोलणी सोसली, पण जब्बारभाईंचा हा प्रश्न त्याला सोसवला नाही. "जब्बारभाई, तुम्हीबी?" तो म्हणाला.

मी त्या क्षणी मनात म्हटलं, झालं, म्हणजे चूक याचीच. पण जब्बारभाई तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी क्लचप्लेट उजेडात धरली, वास घेतला, नखानं खरवडली, पुन्हा वास घेतला. मग हळूच म्हणाले, "माफ कर सुधाकर. चुकलो मी."

प्लेट जवळजवळ नवी होती. ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून गाडी चालवत असेल, तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो, प्लेट घसरते, जळते, तिला करपलेला वास येतो. इथं तसं काहीच नव्हतं. "प्लेट शाबूत अन् कार्बन खल्लास," जब्बारभाई बोटानं दोन्ही दाखवत म्हणाले. "मॅडम, हे चालून झालेलं नाई. हे उभं राहून झालं. इंजिन चालू, गियर टाकलेला, अन् पेडल पुरं खाली दाबून धरलेलं. दोन-पाच मिनटं नाई, घंटा घंटा. कुठं उभी केली होती रे एवढी?"

दादा स्टेपनीच्या चाकावर बसला आणि सांगू लागला. पहिल्याच पथकाच्या पहिल्याच गावात साहेब म्हणाले होते, गाडी बंद मत करो, दो मिनट का काम है. त्या गाडीचा पहिला गियर उभ्यानं टाकताना घरघरायचा, म्हाताऱ्या गाड्यांचा तो जुनाच खोकला. साहेब म्हणाले, गाडी आहे की चक्की? तेव्हापासून दादा प्रत्येक गावात पहिला गियर आधीच टाकून, क्लच पूर्ण दाबून बसू लागला. साहेबांनी चलो म्हटलं की गाडी आवाज न करता निघाली पाहिजे, मागच्या-पुढच्या गाड्यांत अंतर पडलं नाही पाहिजे. "आता निंगतीन, आता निंगतीन, असं वाटे," तो म्हणाला. "दोन मिनटाचे वीस होत, तीस होत. पाय लटलट कापे. पन सोडू कसा?"

"अन् ते काय करत तवा?" मी विचारलं.

"आतच बसत. काच खाली करून कागद घेत. कोनी उतरलंच तं एका हातानं दार धरून उभं राहे. शेतात नाई गेले कोनी. एकदा रस्त्याच्या कडंच्या झाडासंगं फोटो काढला." मग बोटं मोजून म्हणाला, "या हंगामातलं चौथं पथक होतं ते. सगळ्याइचं असंच."

जब्बारभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, बंद कराची ना बे! नाई तं न्यूट्रल कराची!"

"घरघर होते न जब्बारभाई. पाहुन्यासमोर कसं करू?"

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. अशी चूक आमच्याच माणसांना सुचते. समोरचा उतरायलाही तयार नाही, आणि आपण त्याच्या कानाला त्रास नको म्हणून पाय कापेपर्यंत पेडल दाबून धरतो. दारात कुणी उभं राहिलं की आधी चहा टाकतो आणि मग कोण आहात म्हणून विचारतो. आणि या आदराची परतफेड काय, तर निष्काळजीपणा! ज्या हंगामात तो माणूस क्षणभरही पाय ढिला सोडायला धजला नाही, त्याला निष्काळजी म्हणायचं! मला इतका संताप आला, की मी तिथल्या तिथं जब्बारभाईंच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर खुलासा लिहायला घेतला. चार पानं भरली. त्यात उद्गारचिन्हं किती होती ते मोजलं नाही. दादानं वाचून पाहिलं आणि परत दिलं. "कोनाचं नाव नोको घेऊ. दाबून धर असं कोनी म्हनलं नोहतं. पाय माहाच होता."

इथं मी त्याच्याशी कडाडून भांडले. आजही मनातल्या मनात भांडते. चांगल्या माणसांच्या या समजूतदारपणाची मला खरोखर चीड येते. सगळं आपल्याच पायावर घ्यायचं आणि वर शांत राहायचं, मग साहेबांनी नाल्यावरूनच परत का फिरू नये?

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणी आशेनं वाचायला नको. कचेरीनं खुलाशाला उत्तर दिलं नाही. दादाची गाडी यादीतून निघाली ती निघालीच. अहवालात बारा गावांची सखोल पाहणी तशीच राहिली. आता यवतमाळात सिग्नलवर माणसं क्लच दाबून गियर टाकून उभी राहतात, तेव्हा मी शेजारच्या गाडीची काच ठोठावून सांगते, पाय काढा, न्यूट्रल करा. ते माझ्याकडे बघतात आणि काच वर करतात.

पण खुलासा पाठवण्याआधी मला एक काम उरकायचं होतं. दादाला मी ज्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोरच ते परत घेणं भाग होतं. रविवारी मी त्याला ओढूनच गावात आणलं. एसटीतून उतरल्यावर तो दोनदा मागं फिरला. ते निळं पडलेलं कडं जुन्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत होतं. बाया पार्बताबाईच्या ओसरीवर जमल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी माझ्या भावाला तुमच्यासमोर नाही ते बोलले. मी चुकले." मग जब्बारभाईंनी शिकवलं होतं तसं, कुठला भाग कधी घासतो आणि प्लेट का शाबूत होती, सगळं सांगितलं. वर्गात अपूर्णांक समजावताना मी इतकी सावकाश कधी बोलले नसेन.

कडं या हातातून त्या हातात फिरलं. पार्बताबाईनं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मशीनची भाषा तिला ठाऊक नव्हती, पण एकाच जागी रोज घासून घासून वस्तू कशी संपते, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं दादाला समोर बसवलं.

"किती गावं केले होते त्याइनं?"

"बारा," दादा म्हणाला. "तुमचं तेरावं होतं."

"अन् त्या बारा गावाइत गाडी कितींदा बंद केली तुवा?"

दादानं तिच्या हातातल्या कड्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "एकदाबी नाई."

पार्बताबाईनं कडं माझ्या हातात परत दिलं. मी चार पानं काढून तिला खुलासा वाचून दाखवू लागले. ती अर्धं पान ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, हे लय झालं. एवढं कोन वाचते? कोरा कागद हाये न तुमच्यापाशी? मी सांगतो तसं लिवा. आमच्या गावात साहेब आले नाई."

मी लिहिलं आणि वर पाहिलं.

"अन् बाकीच्या बारा गावातबी साहेब आले नाई," ती म्हणाली. "तिथं सुधाकरभाऊ एकटाच गेलता. आमच्याइथंबी तोच आला."

मी चार पानं पिशवीत टाकली आणि तेवढंच लिहिलं. खाली पहिला अंगठा तिनं उठवला, मग एकेक करून तीस पुरे झाले, आणि दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.